शेतातील अभयारण्य : माळव्यातील तणमोर आणि खासगी जमिनीचा प्रश्न

अभयारण्य या संकल्पनेमागे वस्ती आणि शेती यांपासून वेगळे काढलेले वन असे चित्र सामान्यतः गृहीत धरले जाते. परंतु इंदूरच्या पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरवर धार जिल्ह्यात असलेले सरदारपूरचे आणि त्याच्या उत्तरेस रतलाम जिल्ह्यात असलेले सैलाना येथील अभयारण्य या चित्रात बसत नाही. १९८३ मध्ये घोषित झालेली ही दोन्ही अभयारण्ये तणमोर या एकाच पक्ष्यासाठी आहेत, आणि माळव्यात या पक्ष्याला खरमोर म्हणत असल्याने शासकीय कागदपत्रांतही त्यांचे नाव खरमोर अभयारण्य असेच आहे. सैलान्याचे क्षेत्र सुमारे १३ चौरस किलोमीटर असून त्यातील शासकीय गवताळ भाग साडेतीनशे हेक्टरांच्या आसपास आहे. सरदारपूरचे घोषणेच्या वेळचे क्षेत्र मात्र ३४८ चौरस किलोमीटर होते, त्यात १४ गावे येत होती आणि त्यातील बहुतांश जमीन शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर, म्हणजे तेथील भाषेत खसरा-खतौनीवर, नोंदलेली कसती शेती आहे. एकाच जमिनीने धान्यही पिकवावे आणि नामशेष होऊ घातलेल्या पक्ष्याला आसराही द्यावा, ही अपेक्षा चाळीस वर्षांहून अधिक काळ तेथे कायद्याने बाळगली गेली आहे. ती कितपत सफल झाली, तिच्यावर कोणते आक्षेप आले आणि कोणते प्रश्न अजून सुटलेले नाहीत, याचा आढावा येथे घेतला आहे.

पक्षी आणि त्याचा हंगाम

तणमोर हा माळढोकाच्या कुळातील सर्वांत लहान पक्षी होय. वर्षाचा मोठा भाग तो विखुरलेला आणि जवळजवळ अदृश्य असतो. पाऊस सुरू झाला की गुजरात, राजस्थान, पश्चिम मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राच्या काही गवताळ भागांत तो विणीसाठी येतो. या काळात नर आपल्या ठरलेल्या जागेवरून दिवसात कित्येक शे वेळा गवताच्या वर दीड-दोन मीटर उंच उडी मारतो आणि त्या उड्यांमुळेच तो दिसतो व मोजता येतो. मादी जमिनीवर, गवताच्या आडोशाला, साधारणपणे तीन-चार अंडी घालते, सुमारे तीन आठवडे ती एकटीच उबवते आणि पिलांना एकटीच वाढवते. जुलै ते ऑक्टोबर हा चार महिन्यांचा काळ तिच्या दृष्टीने निर्णायक असतो, आणि नेमका हाच शेतकऱ्याच्या खरिपाचा काळ आहे. पुढील सर्व वादाचे मूळ या योगायोगात आहे.

पक्ष्याच्या संख्येबाबतचे अंदाज प्रामुख्याने उडी मारणाऱ्या नरांच्या गणनेवर आधारलेले आहेत. त्यांनुसार १९८२ मध्ये सुमारे ४,३७४, १९८९ मध्ये सुमारे १,६७२, १९९४ मध्ये सुमारे २,२०६ आणि १९९९ मध्ये सुमारे ३,५३० पक्षी होते. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातील दुष्काळ लक्षात घेतला तर या चढउतारांचा मोठा भाग पावसावर अवलंबून होता असे मानण्यास जागा आहे. २०१८ पर्यंत मात्र हा अंदाज ७०० च्याही खाली आला, आणि ही घसरण पावसाच्या चढउताराने स्पष्ट होत नाही. २०२१ मध्ये निसर्ग संवर्धनासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघाने या पक्ष्याला ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात टाकले, म्हणजे वन्य अवस्थेतून नाहीसे होण्यापूर्वीच्या शेवटच्या वर्गात. सैलाना आणि सरदारपूर येथे अलीकडच्या पावसाळ्यांत दिसणारे नर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात.

बीड, खरीप पड आणि सोयाबीन

शेत आणि पक्षी यांचे नाते पूर्वी कसे होते हे पाहिल्याशिवाय आजचा प्रश्न नीट समजत नाही. माळव्याच्या जुन्या संस्थानांत गवतासाठी राखलेल्या जमिनी असत. त्यांना बीड म्हणतात. पावसाळ्यात बीडमध्ये जनावरे सोडली जात नसत आणि गवत पक्व झाल्यावर, पावसाळ्याच्या अखेरीस, त्याची कापणी होई. संस्थानिकांच्या घोडदळाची वैरण आणि शिकारीची हौस हे या राखणीमागील हेतू होते, पक्षिसंवर्धन हा नव्हता. तरीही विणीचे चार महिने बंदी आणि नंतर कापणी हे वेळापत्रक तणमोराच्या गरजेशी तंतोतंत जुळत होते. सैलान्याच्या अभयारण्यातील शिकारवाडी हे कुरण आपल्या नावातच ही जुनी व्यवस्था बाळगून आहे.

याहून कमी लक्षात घेतली गेलेली, परंतु बहुधा अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे खरीप पड. माळव्याची काळी माती पावसाळ्यात चिकट होते, तिच्यात पाणी साचते आणि तण आवरणे अवघड जाते. म्हणून पूर्वी पुष्कळ शेते पावसाळ्यात पेरणीविना ठेवून, जमिनीत मुरलेल्या ओलीवर रब्बीत गहू-हरभरा घेण्याची पद्धत होती. अशा पड शेतांत आणि ज्वारी, मूग, उडीद यांच्या विरळ पेऱ्यांत, बांधांवरच्या गवतासह, तणमोराला बीडच्या बाहेरही फिरायला जागा मिळत असे. १९७०च्या दशकापासून सोयाबीनने ही मोकळी जागा भरून काढली. त्या दशकाच्या आरंभी मध्य प्रदेशात नगण्य असलेले हे पीक आज ५० लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर घेतले जाते. तेलबिया प्रक्रिया उद्योग इंदूरभोवती एकवटला आणि १९८७ मध्ये सोयाबीनसाठीचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही इंदूरलाच उभे राहिले. लहान शेतकऱ्याला या पिकाने खरिपात हमखास रोकड दिली, ही वस्तुस्थिती कोणत्याही पक्षिप्रेमी मांडणीने दुर्लक्षिता कामा नये. पण त्याच पिकाबरोबर पावसाळ्यात संपूर्ण शेत पेऱ्याखाली आले, तणनाशके व कीटकनाशके आली, बांध अरुंद झाले, आणि टोळ, नाकतोडे, भुंगेरे यांवर पिले वाढवणाऱ्या पक्ष्याचे खाद्य शेतातून कमी झाले. अभयारण्य घोषित झाले तेव्हा हा बदल सुरू झालेला होता. घोषणेनंतर तो थांबला नाही, आणि थांबावा अशी कोणतीही तरतूदही नव्हती.

शेतीकडे जिवंत चक्र म्हणून पाहण्याची परंपरा इंदूरला परकी नाही, हे येथे नोंदवणे योग्य होईल. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या येथील वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ विकसित केली आणि १९३१ मध्ये यशवंत वाड यांच्यासह तिच्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. ही पद्धत जगभर गेली. मात्र मातीतील जीवनाचा हा विचार पिकावरील आणि गवतातील जीवनापर्यंत नेणारे काम त्या तुलनेत फारच थोडे झाले.

१९८३ ची घोषणा आणि कायद्याची रचना

डॉ. सलीम अली यांच्या आग्रहानंतर मध्य प्रदेश शासनाने ही दोन्ही अभयारण्ये घोषित केली. आधार होता वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. या कायद्याच्या मूळ रूपानुसार राज्य शासन एखादे क्षेत्र अधिसूचनेने थेट अभयारण्य घोषित करू शकत असे. १९९१ च्या दुरुस्तीनंतर प्रथम तसा उद्देश जाहीर करणे, मग जिल्हाधिकाऱ्याने तेथील लोकांचे हक्क तपासणे आणि शेवटी अंतिम अधिसूचना काढणे, असे टप्पे आले. हक्कांची चौकशी म्हणजे कोणाची जमीन, कोणाची चराई, कोणाची वाट, याची नोंद करून ते हक्क संपादित करणे किंवा चालू ठेवू देणे. नंतर आलेल्या दुरुस्तीत ही चौकशी दोन वर्षांत पूर्ण करण्याची अपेक्षा घातली गेली. व्यवहारात ती अनेक राज्यांत दशकानुदशके रखडली.

कलम २० या संदर्भात कळीचे आहे. उद्देशाची अधिसूचना निघाल्यानंतर त्या क्षेत्रातील जमिनीवर वारसा किंवा मृत्युपत्र यांखेरीज अन्य मार्गाने कोणताही नवा हक्क निर्माण होऊ शकत नाही. साध्या भाषेत सांगायचे तर बाप मुलाला शेत देऊ शकतो, पण मुलीच्या लग्नासाठी, आजारपणासाठी किंवा कर्ज फेडण्यासाठी ते विकू शकत नाही. सरदारपूरच्या १४ गावांतील असंतोषाचे केंद्र खरेदी-विक्रीच्या नोंदणीवरील ही बंदी आहे. पक्ष्याविषयीचा राग तेथे क्वचितच ऐकू येतो, रजिस्ट्रीविषयीचा नेहमी ऐकू येतो. दुसरीकडे, त्याच कायद्यातील कलम ३२ अभयारण्यात वन्यजीवांना अपाय करणाऱ्या रसायनांच्या वापरास मनाई करते. शब्दशः लावले तर शेतातील फवारणीही त्याच्या कक्षेत येऊ शकते, परंतु शेकडो चौरस किलोमीटर खासगी शेतीवर, मोबदल्याची कोणतीही सोय न करता, अशी बंदी अमलात आणणे अशक्यप्राय आहे.

या रचनेतील मूलभूत विसंगती अशी की कायद्याने जमिनीच्या मालकीला हात घातला, तर पक्ष्याचे भवितव्य जमिनीच्या वापरावर, तेही वर्षातील चार महिन्यांच्या वापरावर, अवलंबून होते. शेत कोणाच्या नावावर आहे याने तणमोराला काही फरक पडत नाही. त्यात जुलैमध्ये काय पेरले, ऑगस्टमध्ये काय फवारले आणि गवत कधी कापले याने पडतो. शेतकऱ्यावर पहिल्या प्रकारचा भार पुरेपूर पडला आणि दुसऱ्या प्रकारचे संरक्षण पक्ष्याला जवळजवळ मिळालेच नाही.

नान्नज आणि करेरा : दोन समांतर उदाहरणे

हा अनुभव एकट्या माळव्याचा नाही. महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांत माळढोकासाठी सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित केले. त्यातील सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरील माळढोकांकडे लक्ष वेधण्याचे श्रेय सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांना दिले जाते. एवढ्या विस्तारात गावे, बाजारपेठा, रस्ते आणि लाखो एकर शेती आली, तर वन विभागाच्या ताब्यातील गवताळ तुकडे त्यामानाने फारच थोडे होते. याच काळात उजनी धरणाचे पाणी आले आणि ज्वारीच्या कोरडवाहू पट्ट्यात ऊस पसरला. जमीन-व्यवहार, बांधकाम आणि उद्योग यांवरील निर्बंधांविरुद्धची तक्रार न्यायालयापर्यंत गेली, समित्या नेमल्या गेल्या आणि २०१२ मध्ये क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत आणण्यात आले. तोवर पक्षी जवळजवळ गेले होते. नान्नजच्या राखलेल्या गवतात काळवीट आणि लांडगे टिकले, हा या प्रयत्नाचा दुर्लक्षित लाभ होय.

मध्य प्रदेशातील शिवपुरी जिल्ह्यातील करेरा अभयारण्य १९८१ मध्ये, तेही माळढोकासाठी, सुमारे २०२ चौरस किलोमीटर क्षेत्रावर झाले आणि त्यातही खासगी शेतीचा वाटा मोठा होता. १९९०च्या दशकात तेथून माळढोक नाहीसा झाला. जमीन-विक्रीवरील निर्बंध मात्र पुढे कित्येक वर्षे राहिले. ज्या पक्ष्यासाठी बंधन सोसले तो पक्षीच उरला नाही, ही स्थिती गावकऱ्यांच्या मनात संवर्धनाविषयी काय रुजवते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

मांडल्या जाणाऱ्या भूमिका

सद्यःस्थितीत या प्रश्नावर स्थूलमानाने तीन भूमिका दिसतात, आणि प्रत्येकीमागे गंभीर कारणे आहेत.

पहिली भूमिका सीमा कायम ठेवण्याची आहे. एकदा क्षेत्र वगळले की ते परत मिळत नाही, रस्ते, रेल्वे, पवनचक्क्या आणि उच्चदाब वाहिन्या यांसाठी ते ताबडतोब मोकळे होते, आणि कमी उंचीवरून उडणाऱ्या, समोरचे पाहण्याची क्षमता मर्यादित असलेल्या माळढोक-कुळातील पक्ष्यांसाठी तारांशी टक्कर हे मृत्यूचे सिद्ध कारण आहे, असे या बाजूचे म्हणणे आहे. इंदूर–दाहोद रेल्वेमार्ग आणि इंदूर–अहमदाबाद महामार्ग यांच्या परवानग्यांच्या वेळी सरदारपूर अभयारण्याचा प्रश्न पुढे आला, तो अभयारण्याचा दर्जा होता म्हणूनच. पीक-पद्धतीवर कायद्याचा अंमल चालला नसला तरी मोठ्या प्रकल्पांसाठी तो एक थांबा ठरला, हे मान्य करावे लागते.

दुसरी भूमिका खासगी जमीन वगळून शासकीय कुरणांवर लक्ष केंद्रित करण्याची आहे. स्थानिक लोकप्रतिनिधी, बहुसंख्य शेतकरी आणि प्रशासनाचा एक भाग या बाजूला आहे. राखलेले, जनावरांपासून वाचवलेले, वेड्या बाभळीसारखी आक्रमक झुडपे काढलेले थोडे गवत हे कागदावरच्या विशाल अभयारण्यापेक्षा पक्ष्याला अधिक उपयोगी आहे, असा तिचा युक्तिवाद आहे. यामागे जागतिक चर्चेतील एक विचारही आहे. २००५ मध्ये ऱ्हीस ग्रीन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात असा प्रश्न मांडला की थोड्या जमिनीवर सघन शेती करून उरलेली निसर्गासाठी सोडावी, की सर्व जमिनीवर सौम्य शेती करून निसर्गाला तिच्यातच वाटा द्यावा. २०११ मध्ये घाना आणि उत्तर भारतातील निरीक्षणांवरून आलेल्या अभ्यासात बहुतेक प्रजातींना पहिला मार्ग अधिक लाभदायक ठरतो असे दिसले. मात्र हा निष्कर्ष मुख्यतः वनाशी बांधलेल्या प्रजातींच्या बाजूने झुकतो. मोकळ्या माळावरचे पक्षी शेतकरी व गुराखी यांनी हजारो वर्षे घडवलेल्या भूदृश्यातच वाढले आहेत, आणि त्यांच्या बाबतीत शेतीचा सौम्यपणा हाच अधिवास असू शकतो.

तिसरी भूमिका शेतकऱ्याला भागीदार करण्याची आहे, आणि तिच्यातील साहित्य सर्वांत समृद्ध आहे. सैलान्यात वन विभागाने आपल्या शेतात तणमोर दिसल्याचे कळवणाऱ्या आणि घरट्याला जपणाऱ्या शेतकऱ्यांना रोख बक्षीस देण्याची योजना राबवली. तिने शत्रुत्व कमी केले असे सामान्यतः मानले जाते. राजस्थानात अजमेर जिल्ह्यातील शोकलिया परिसरात तर अभयारण्य नसतानाही मूग-उडदाच्या शेतांत आणि मधल्या कुरणांत तणमोर विणीसाठी येतात. महाराष्ट्रात अकोला–वाशीम पट्ट्यात ‘संवेदना’ या संस्थेने एकेकाळी फासे लावून पक्षी धरणाऱ्या फासेपारधी समाजाबरोबर काम उभे केले. गवताचे आणि पक्ष्याचे सूक्ष्म ज्ञान असलेली माणसेच तेथे राखणदार झाली. हे उदाहरण विशेष मोलाचे आहे, कारण त्यात संवर्धन बाहेरून आलेले नाही आणि ज्यांना वन्यजीव कायद्याने केवळ गुन्हेगार म्हणून ओळखले त्यांच्याच हाती ते सोपवले गेले आहे. कायद्यातही याला जागा आहे: २००३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ हा प्रकार आणला असून त्यात गाव किंवा व्यक्ती स्वेच्छेने आपली जमीन संवर्धनासाठी देऊ शकते. २०१३ मध्ये केंद्रीय पर्यावरण व वने मंत्रालयाने माळढोक-कुळासाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनीही विणीच्या लहान गाभा-क्षेत्रांना कडक संरक्षण आणि भोवतालच्या विस्तृत शेतीत पक्ष्याला अनुकूल वापर अशी दुहेरी मांडणी केली.

या भूमिकेला युरोपातून आधारही मिळतो आणि इशाराही. पश्चिम फ्रान्सच्या शेतीपट्ट्यात छोट्या माळढोकाची संख्या तीन दशकांत ९० टक्क्यांहून अधिक घटली होती, कारण मादी लसूणघासाच्या शेतात अंडी घालते आणि यंत्राच्या कापणीत घरटी जातात. शेतकऱ्यांशी कापणी लांबवण्याचे करार करून त्यांना भरपाई दिल्यावर तेथे पक्ष्याची उत्पादकता सुधारली. उलट, नेदरलँड्समधील अशाच करारांचा २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की पैसे खर्च झाले तरी पक्ष्यांच्या संख्येत अपेक्षित फरक दिसला नाही. म्हणजे करार करणे पुरेसे नसून, करारातील अट पक्ष्याच्या नेमक्या गरजेशी जुळणे आवश्यक आहे.

अनिर्णित प्रश्न

सर्वांत महत्त्वाचा अनिर्णित प्रश्न जीवशास्त्रीय आहे. सोयाबीनच्या किंवा मुगाच्या शेतात नर उड्या मारताना दिसतो, म्हणून मादी तेथे पिले यशस्वीपणे वाढवते असे सिद्ध होत नाही. शेत आकर्षक दिसावे पण फवारणी, कोळपणी, कुत्री आणि लवकरची काढणी यांमुळे तेथे पिले जगू नयेत, अशा स्थितीला अभ्यासक पारिस्थितिक सापळा म्हणतात. गणना नरांची होते आणि भवितव्य माद्यांवर ठरते, त्यामुळे ही शंका दूर करणे अवघड आहे. दुसरा प्रश्न उरलेल्या आठ महिन्यांचा आहे: पावसाळ्यानंतर विखुरलेला पक्षी कोणत्या शेतांत, कोणत्या राज्यांत राहतो आणि तेथे किती मरतो, याची माहिती अजून तुटपुंजी असल्याने विणीच्या जागा वाचवूनही घट चालू राहू शकते.

तिसरा प्रश्न न्यायाचा आहे. शेतावर वन्यजीव पोसण्याचा खर्च कोणी उचलायचा? तणमोर पिकाचे नुकसान करत नाही, उलट कीटक खातो. पण माळव्यात काळवीट आणि नीलगाय यांनी होणाऱ्या नुकसानीमुळे ‘वन्यजीव’ या शब्दाभोवतीच अविश्वास आहे. २०२५ मध्ये शाजापूर जिल्ह्यात हेलिकॉप्टरच्या साहाय्याने कळप निमुळत्या कुंपणात हाकून दुसरीकडे नेण्याची मोहीम शासनाला हाती घ्यावी लागली, यावरून हा ताण किती वाढला आहे हे दिसते. एका पक्ष्यासाठीची योजना या व्यापक तक्रारीपासून अलग ठेवून चालणार नाही. चौथा प्रश्न काळाचा आहे: बक्षीस एका हंगामाचे असते, प्रकल्प तीन-पाच वर्षांचा असतो, आणि गवताची राखण मात्र पिढ्यान्‌पिढ्या लागते.

उपलब्ध पुराव्यावरून एवढे म्हणता येते की १९८३ च्या प्रारूपाने शेतकऱ्याचे नुकसान निश्चितपणे केले आणि पक्ष्याचे रक्षण अपुरे केले. पण केवळ खासगी जमीन वगळण्यानेही पक्षी वाचणार नाही, कारण उरलेली शासकीय कुरणे लहान आणि एकमेकांपासून दूर आहेत. म्हणून सीमा बदलण्याच्या प्रत्येक निर्णयाबरोबर, त्याच दिवशी, जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांतील पीक, फवारणी आणि गवतकापणी यांसंबंधीच्या ऐच्छिक कराराचा मसुदा त्या गावांपुढे ठेवला जावा आणि त्याचा मोबदला बक्षिसाच्या रूपात नव्हे, तर वन विभागाच्या नियमित अंदाजपत्रकात तरतूद म्हणून असावा. रजिस्ट्रीवरील बंदी उठवणे आणि हा करार देणे ही दोन कामे एकत्र झाली पाहिजेत. तणमोराची आजची संख्या पाहता, त्यांतील दुसरे काम पुढच्या दशकावर ढकलण्याइतका वेळ उरलेला नाही.